हुज्जत घालणाऱ्या मुलाच्या तोंडी न लागता बोलायचं कसं?

पाटीपेन्सिल

हट्ट वेगळा, हुज्जत वेगळी. हट्टात मूल रडतं, लोळतं, पाय आपटतं; शब्द कमी. हुज्जतीत सगळा कारभार शब्दांचा: "पण का?", "दादाला का नाही सांगत?", "काल तर हो म्हणालीस", "तू पण मोबाइल बघतेस ना?" ६-७ वर्षांच्या आसपास तिला धार येते, कारण नियम, तुलना आणि न्याय-अन्याय यांचा हिशेब त्या वयात पक्का व्हायला लागतो. म्हणजे हुज्जत घालता येणं हे डोकं नीट चालल्याचंच लक्षण. तिचा रोजचा रतीब सुरू झाला की मात्र घर वैतागतं. धागा ६ ते १२ या वयाबद्दल काढतोय. शिंगं फुटलेल्यांचं प्रकरण निराळं, त्यावर कोणी लिहिलं तर बरं.

हुज्जतीला दोन माणसं लागतात. मुलाचं प्रत्येक "पण" आपल्या पुढच्या वाक्यावर जगतं. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या घरी जाऊन आईबाप आणि मुलं एकमेकांशी कसं वागतात याच्या नोंदी केल्या. त्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: मोठं माणूस काम सांगतं, मूल विरोध करतं, मोठं माणूस आवाज चढवतं, मूल त्यावर कडी करतं, आणि शेवटी मोठं माणूस कंटाळून "जा, कर काय करायचं ते" म्हणतं. मूल शिकतं की ताणून धरलं की सुटका होते. मोठ्यालाही बक्षीस मिळतंच, कटकट थांबते. म्हणून दोघंही उद्या तेच करतात.

आणि दहापैकी नऊदा ठाम राहून दहाव्यांदा नमतं घेणं फार महागात पडतं. नेहमी मिळणारी गोष्ट बंद झाली की मूल त्यामानाने लवकर नाद सोडतं. अधूनमधून मिळणारी असली की लॉटरीवाल्यासारखं तिकीट काढतच राहतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

तोंड उघडण्याआधी ठरवा, हो की नाही. "बघू" हा शब्द मुलाच्या कानाला "अजून मागून बघ" असाच ऐकू येतो. ठरत नसेल तर "पाच मिनिटांनी सांगतो" म्हणा, घड्याळ दाखवा आणि पाच मिनिटांनी खरंच सांगा. हो म्हणायचं असेल तर पहिल्या मागणीलाच म्हणा. सहाव्या मागणीला दिलेलं "हो" म्हणजे हुज्जतीचं मानधन.

कारण एकदाच द्या, आणि निर्णयाच्या आधी द्या. "उद्या सहाला उठायचंय, म्हणून टीव्ही आता बंद." कारण शेवटी आलं तर मूल कारणाला धरतं, काम शेवटी आलं तर निदान काम कानात राहतं. दहा-बारा शब्दांपलीकडे जाऊ नका.

दुसऱ्यांदा "पण का?" आलं तर नवं कारण शोधायचं नाही. सगळ्यात जास्त घसरण इथे होते. "डोळे खराब होतात" म्हटलं की "लांबून बघतो". "अभ्यास राहिलाय" म्हटलं की "फक्त गणित राहिलंय". कारणं जितकी जास्त, तितकं त्यातलं सगळ्यात लेचंपेचं कारण मुलाच्या हाती लागतं आणि भांडण त्याच्यावर होतं. दुसऱ्यांदा फक्त "कारण सांगितलंय. टीव्ही बंद." आवाज पहिल्यापेक्षा खाली.

तिसऱ्यांदा शब्दच नाहीत. रिमोट घ्या, टीव्ही बंद करा, कांदा चिरायला घ्या. हात कामात असले की तोंड बंद ठेवणं सोपं जातं, हे गंमत म्हणून नाही सांगत.

काम झालं की विषय मिटला. "हेच आधी ऐकलं असतं तर?" हा टोमणा मारलात की नवी फेरी तुम्ही सुरू केलीत.

लिंबूटिंबू

तिसऱ्या पायरीबद्दल शंका. आपल्याकडे अबोला हे घराघरांतलं जुनं हत्यार आहे. मूल बोलतंय आणि आपण भिंतीकडे बघून कांदा चिरतोय, हा अबोलाच नाही का? लहान मुलाला त्याची फार भीती बसते.

पाटीपेन्सिल

@लिंबूटिंबू, शंका रास्त आहे, नीट लिहायला हवं होतं. अबोल्यात आपण माणसाकडे दुर्लक्ष करतो. इथे दुर्लक्ष फक्त त्या वाक्याकडे. ओळखायची खूण सोपी: टीव्हीचा वाद चालू असताना मुलाने मध्येच "आई, उद्या चित्रकलेची वही न्यायचीय" म्हटलं तर लगेच, नेहमीच्या आवाजात उत्तर द्यायचं: "बरं, दप्तराशेजारी काढून ठेव." अबोल्यात हे उत्तर मिळत नाही. अबोला तासन् तास चालतो. हे दोन-चार मिनिटांत संपायला हवं. शिवाय दुर्लक्ष करणार हे शांत वेळी आधी सांगून ठेवायचं: "मी एकदा कारण सांगेन. त्याच गोष्टीवर परत विचारलंस तर मी उत्तर देणार नाही, पण रागावलेलो नसेन." न सांगता केलं तर मूल घाबरून आणखी जोरात बोलतं.

मारणं, वस्तू फेकणं, गॅलरीच्या कठड्यावर चढणं याकडे अर्थातच दुर्लक्ष करायचं नसतं. ते हुज्जतीत मोडत नाही.

तासिका

वर्गात ४० मुलं असतात, त्यामुळे शिक्षकांना एक गोष्ट घरच्यांपेक्षा लवकर कळते: निम्मी हुज्जत सूचनेच्या शब्दांतच पेरलेली असते.

"आंघोळीला जातोस का?" हा प्रश्न आहे. "नाही" हे त्याचं पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर. मग आपण चिडतो. "आंघोळीला जा" म्हणायचं असेल तर तेच म्हणावं.

"चल, आपण पसारा आवरू या" म्हणून आपण सोफ्यावर बसून राहिलो तर "आपण म्हणालीस ना, मग तू पण ये" हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

"कपडे बदल, हातपाय धू, डबा काढून ठेव आणि गणिताला बस." चार कामं. मूल पहिलं करतं, दुसरं अर्धं करतं, आणि आपण चौथ्यावरून ओरडतो. मग "मी कपडे बदलले ना!" ही हुज्जत नसून तक्रार आहे, आणि खरी आहे.

"नीट वाग", "शहाण्यासारखं कर" यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही. मूल म्हणतं "मी काय केलं?" आणि त्याला खरोखरच ठाऊक नसतं.

चांगली सूचना अशी: स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही, जवळ जायचं. हातभर अंतर. नाव घ्यायचं, मान वर होईपर्यंत थांबायचं. एकच काम, करायच्या भाषेत ("धावू नको" ऐवजी "चालत जा"). मग मनात सावकाश पाच आकडे मोजायचे, तोंडातून शब्द न काढता. बहुतेकांचं घोडं या पाच आकड्यांतच पेंड खातं. दुसऱ्याच आकड्याला "ऐकू येतंय का?" सुटतं. मूल तोवर उठायच्या बेतात असतं. आता त्याला आधी त्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटतं, आणि तिथून सुरू.

खेळ तोडताना मिनिटांपेक्षा घटना सांगा. "दहा मिनिटांनी बंद" मध्ये दहा मिनिटं झाली की नाही यावर वाद होतो. "हा भाग संपला की बंद" किंवा "ही ओव्हर झाली की घरी" यावर तितका होत नाही. आणि भाग संपताना तुम्ही तिथे हजर हवेत. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय ॲपच्या सेटिंगमध्ये आधी बंद करून ठेवा, अर्धी लढाई तिथेच वाचते.

कुंपणावरचा

पाटीपेन्सिल यांच्या पद्धतीला विरोध नाही, पण त्यात एक भोक आहे. मुलाचा मुद्दा बरोबर असला तर त्याने तो मांडायचा कुठे? "मोठ्यांना उलट बोलू नये" हेच आपण सभ्य भाषेत शिकवतोय असं व्हायला नको.

व्हर्जिनिया विद्यापीठात जोसेफ ॲलन यांच्या गटाने १३ वर्षांच्या मुलांचे आईशी झालेले वाद चित्रित केले आणि पुढे काही वर्षं त्या मुलांचा माग ठेवला. आईशी ओरडाआरडा न करता, कारणं देत आपलं म्हणणं लावून धरणारी मुलं पुढे दारू आणि नशेच्या बाबतीत मित्रांच्या दबावालाही जास्त टिकली. लगेच मान तुकवणारी मुलं मित्रांपुढेही लगेच तुकवत होती. तेव्हा वाद घालायची कला मारून टाकण्यासारखी नाही. तिची वेळ आणि रीत मात्र ठरवायला हवी.

म्हणून अपिलाची सोय ठेवा. नियम असे:

निर्णय झाला त्या क्षणी अपील नाही. आधी काम, मग अपील. वेळ ठरलेली, समजा रात्री जेवणानंतर ५ मिनिटं. त्यात मुलाने दोन गोष्टी आणायच्या: निर्णय का चुकीचा वाटतो त्याचं एक कारण, आणि त्याऐवजी काय करायचं याचा एक प्रस्ताव. नुसतं "हे अन्यायकारक आहे" चालणार नाही. ९-१० वर्षांच्या पुढच्यांना लिहून आणायला सांगा, तीन ओळी पुरेत. लिहिताना निम्मी अपिलं आपोआप गळतात, कारण तोवर राग उतरलेला असतो. आपण मध्ये न बोलता ऐकायचं, मग त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत एकदा परत सांगायचं ("म्हणजे क्लासहून आल्यावर लगेच अभ्यासाला बसवू नये, अर्धा तास खेळून मग, असं ना?"), आणि निकाल द्यायचा: मान्य, नामंजूर किंवा एक आठवडा करून बघू.

हे फसतं दोन कारणांनी. एक, कुठलंच अपील कधी मंजूर होत नाही. मग आठ-पंधरा दिवसांत मूल ही वाट सोडून परत जागच्या जागी भांडायला लागतं. चारपाच अपिलांत एखादं तरी मनापासून पटण्यासारखं असतंच, ते द्या. दोन, एखाद्या दिवशी कंटाळून जागच्या जागीच अपील ऐकून घेतलं. मग जेवणानंतरची वाट कोण बघेल?

दप्तर, झोप, औषध, हेल्मेट यांवर अपील नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

खडीसाखर

कुंपणावरचा यांना +१. मोठ्या मुलांबद्दल थोडी भर. रोचेस्टर विद्यापीठातल्या ज्युडिथ स्मेटाना यांचं काम याच विषयावर आहे. मुलं सगळ्याच बाबतीत वाद घालत नाहीत. कोणाला इजा होईल, फसवणूक होईल अशा नियमांवर ती फारशी भांडत नाहीत. भांडतात ती "हे माझं मी ठरवणार" या प्रांतावर: केस, कपडे, खोली, मित्र, फावला वेळ. आईबापांना खोलीतला पसारा हा घराच्या शिस्तीचा प्रश्न वाटतो, मुलाला तो स्वतःच्या जागेचा वाटतो. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं वाटतं, पण तसं नसतं.

म्हणून वयानुसार काही गोष्टी उघडपणे सोडून द्याव्यात, आणि सोडल्या असं सांगावंही. १० व्या वर्षी: शाळेबाहेरचे कपडे तू निवड. १२ व्या वर्षी: अभ्यासाचा क्रम तुझा, संपायची वेळ माझी. गुपचूप सोडलं तर मुलाला वाटतं आपण भांडून जिंकलो.

अडकित्ता

हुज्जतीचे प्रकार ओळखले तर उत्तर सुचायला सोपं जातं. सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही.

"दादाला का नाही?" ही तुलना. इथे बहुतेक जण दादाची बाजू मांडायला लागतात (तो मोठा आहे, त्याची परीक्षा आहे) आणि मग मूल दादाचे गुन्हे मोजतं. उत्तर: "दादाचं दादाशी बोलेन. तुझं ताट उचल." मात्र दादाला खरोखरच कधी ताट उचलायला लावत नसाल, किंवा ताई उचलते आणि दादा उचलत नाही असं घर असेल, तर मूल बरोबर बोलतंय. उत्तर शोधत बसू नका, घर दुरुस्त करा.

"तू पण मोबाइल बघतेस!" ही उलटतपासणी. इथे "मी कामाचं बघते" हे वाक्य सगळ्यात वाईट. मुलाने पडद्यावर काय चाललंय ते आधीच बघितलेलं असतं. उत्तर: "हो, बघते. त्यावर रविवारी बोलू. आता तुझा फोन चार्जिंगला." आणि रविवारी खरंच बोलायचं.

"तू साडेसात म्हणाली होतीस!" हा वकिली मुद्दा, आणि पुष्कळदा खराही. खरा असेल तर त्या क्षणी कबूल करा: "बरोबर, साडेसात म्हटलं होतं. अजून दहा मिनिटं आहेत." तपशिलात हरलो म्हणून निर्णयात हरत नाही. खोटं ठरवायला गेलात तर मूल पुढच्या वेळी साक्षीदार घेऊन येईल.

"थांब, पाणी पिऊन येतो", "फक्त एक सांगू?", "पेन्सिल सापडत नाहीये" ही दिरंगाई. तिला वादाचा वेष असतो, हेतू वेळ काढायचा. कारणं देऊ नका, वस्तू आधीच जागेवर ठेवा: टोकदार पेन्सिली दोन, पाण्याची बाटली, खोडरबर. मग उरतं फक्त "बस".

"तुला मी आवडतच नाही." हे ऐकलं की आपण वितळतो आणि टीव्ही परत सुरू होतो, किंवा भडकतो ("तुझ्यासाठी एवढं करते आणि..."). दोन्ही नको. "तुला आत्ता राग आलाय. तू मला आवडतोस. टीव्ही बंदच आहे." तीन छोटी वाक्यं, "पण" शिवाय. "आवडतोस, पण" म्हटलं की पहिलं अर्ध वाक्य वाया गेलं. हेच वाक्य झोपताना, दिवे मालवल्यावर, भांडण नसताना आलं तर तो वेगळा विषय. तेव्हा बाजूला बसून ऐकायचं.

आणि शेवटचा प्रकार, खरी अडचण. रोज फक्त मराठी वाचनावरून किंवा फक्त गणितावरून वाद होत असेल तर वाद विषयाचा नाही, ते मुलाला जमत नाहीये. "येत नाही" म्हणण्यापेक्षा "करणार नाही" म्हणणं मुलाला कमी लाजिरवाणं वाटतं. अक्षरं गाळणं, ओळ सुटणं, तोंडी उत्तर झकास आणि लेखी कोरं असं दिसलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या.

सायबेरियन_कावळा

परदेशातल्या घरांसाठी एक पुरवणी. मूल वाद इंग्रजीत घालतं, आपण मराठीत बोलतो. चिडलं की "आधी मराठीत बोल" सुटतं. टीव्हीचा वाद तसाच राहतो, वर भाषेचा दुसरा उभा राहतो, आणि मराठी म्हणजे ओरडा खायची भाषा असं मुलाच्या मनात बसतं. आपण मराठीतच, छोट्या वाक्यात उत्तर द्यायचं, त्याची भाषा त्या वेळी दुरुस्त करायची नाही. आपणही इंग्रजीत उतरायचं नाही. भांडणात त्याची इंग्रजी आपल्यापेक्षा जलद धावते.

निवांत_दुपार

सगळं पटलं, पण घरात आजी-आजोबा असतील तर? आई नाही म्हणते, मूल आजीकडे जातं, आजी लाडू देते. किंवा उलट, आई शांत उभी आहे आणि आजोबा "आमच्या वेळी असं तोंड वर करून बोलायची हिंमत नव्हती" सुरू करतात, आणि मूल आता दोन आघाड्यांवर लढतं.

पाटीपेन्सिल

@निवांत_दुपार, "तुम्ही मध्ये पडू नका" असं ज्येष्ठांना सांगितलं तर तो आणखी एक वाद. त्याऐवजी त्यांना एक वाक्य द्या. मूल आलं की "आईला काय म्हणाली ते आईलाच विचार" एवढंच म्हणायचं, आणि लगेच दुसऱ्या विषयावर. मूल नसताना, चहाच्या वेळी मागायचं: "आई, पंधरा दिवस मला एवढी मदत करा." ठरावीक मुदत असली की होकार मिळणं सोपं जातं. आजीचे लाड बंद करू नका; आजीच्या हातचा लाडू आजीच्या मनाने, चार वाजता. "नाही"नंतरचा सांत्वनाचा लाडू तेवढा नको.

नवरा-बायकोसाठी नियम एकच: ज्याने सांगितलं त्याने तडीस न्यायचं. दुसऱ्याला निर्णय चुकीचा वाटला तरी मुलासमोर बदलायचा नाही. मुलगा झोपल्यावर काय ते बोला, आणि बदलायचा झाला तर दुसऱ्या दिवशी ज्याने दिला होता त्यानेच बदलावा.

आणखी एक, सुरुवात कधी करायची याबद्दल. उत्तरं मिळेनाशी झाली की पहिले काही दिवस हुज्जत वाढते, कमी होत नाही. आजवर पाच वाक्यांत काम व्हायचं, आता होत नाही, म्हणून मूल पंधरा वाक्यं लावून बघतं. पद्धत फसली असं वाटून लोक नेमके इथेच माघार घेतात, आणि मूल शिकतं की पंधरा लागतात. म्हणून परीक्षेचा आठवडा, गणपती, घरी पाहुणे, आपली ऑफिसची घाई, अशा वेळी सुरू करू नका. आणि सगळ्या नियमांवर एकदम नको. रोज भांडण होणारी एक वेळ निवडा, झोपायची किंवा टीव्हीची, दोन-तीन आठवडे तेवढीच.

तासिका

मोजायचं कसं तेही लिहिते. फ्रिजवर कागद लावू नका, मूल वाचतं. आपल्या डायरीत रोज एक ओळ: वेळ, सूचना, किती फेऱ्या झाल्या, शेवट कसा झाला. एक फेरी म्हणजे त्याचं एक वाक्य, आपलं एक. पहिले ७ दिवस काही न बदलता नुसतं लिहा. बहुतेकदा दिसतं की बरीच भांडणं एकाच तासात आहेत, आणि फेऱ्या वाढवणारं दर दुसरं वाक्य आपलं आहे. पुढे फेऱ्या ९ वरून ४ वर आल्या तर पद्धत चालतेय, मुलाचा चेहरा कितीही आंबट असला तरी.

चेहऱ्यावरून आठवलं. मूल पुटपुटत, पाय आपटत गेलं पण आंघोळीला गेलं, तर काम झालं. "तोंड कशाला वाकडं करतोस?" विचारू नका. काम हवंय की हसतमुख होकार हवाय, हे आपण आधी ठरवावं. दोन्ही एकदम मागितलं की दोन्ही जातं.

वैद्यकट्टा

तब्येतीच्या बाजूने थोडं. संध्याकाळी ५ ते ८ मध्ये हुज्जत जास्त असेल तर आधी भूक आणि झोप बघा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ च्या शिफारशीप्रमाणे ६ ते १२ वयाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ ला ८ ते १०. सकाळच्या शाळेसाठी ५:४५ ला उठणाऱ्या मुलाला नऊ तास हवे तर पावणेनऊला झोप लागायला हवी, नुसतं अंथरुणात शिरून चालत नाही. कित्येक घरांत तेव्हा कुकरची शिट्टी होत असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं सांगितलं ते मुलांच्या झोपेच्याच मुद्द्यावरून. तुमच्या शाळेची वेळ बदलली नसेल तर जेवणाची बदला. शाळेतून आल्यावर बिस्किटांऐवजी पोळीभाजी किंवा थालीपीठ, आणि त्यानंतर २० मिनिटं कुठलीही सूचना नाही. सर्दी वारंवार होणारं मूल "काय?", "तू सांगितलंच नाहीस" असं सतत म्हणत असेल तर कान तपासा, कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं की ऐकू कमी येतं आणि घरी त्याला आडमुठेपणा समजतात.

नेहमीची हुज्जत कुठे संपते? मानसोपचारात विरोधी-अवज्ञाकारी विकार म्हणून निदान आहे. २०१३ च्या अमेरिकन निकषांत ८ लक्षणं दिली आहेत: वारंवार संताप, चटकन दुखावणं, मोठ्यांशी वाद, मुद्दाम डिवचणं, चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणं, सूडबुद्धी वगैरे. त्यातली किमान ४, किमान ६ महिने, आणि भावंडाखेरीज निदान एका माणसाशी, असं असावं लागतं. नुसतं "सारखं वाद घालतो" एवढ्यावर निदान होत नाही. अवधान कमी पडणं, चिंता, शाळेत होणारी छळवणूक यांतूनही असंच वागणं येतं, त्यामुळे इंटरनेटवर वाचून मुलाला शिक्का मारू नका. एकाएकी, दोन-तीन आठवड्यांत स्वभाव पालटला असेल तर आधी शाळेत किंवा शेजारीपाजारी काही घडलंय का ते बघा. फोनवर बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ क्रमांक निःशुल्क आहे, मराठीतही बोलतात. मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

लिंबूटिंबू

एवढं सगळं वाचून शांत राहायचं ठरवलं, आणि तरी ओरडलोच. मग?

अडकित्ता

आधी ओरडण्याआधीचं. राग चढताना शरीर सांगतं: जबडा आवळतो, आवाज पातळ होतो, बोट वर जातं. बोट वर गेलेलं दिसलं की बसा. उभ्याने भांडणं सोपं असतं, बसून अवघड. श्वास घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष द्या, घ्यायला चार आकडे, सोडायला सहा-सात, चार वेळा. तरी नाही जमलं तर "मी पाणी पिऊन दहा मिनिटांनी येते" म्हणून खोलीबाहेर. "येते" हा शब्द महत्त्वाचा, आणि येणंही.

ओरडलातच, तर अर्ध्या तासात दोन सुटी वाक्यं: "मी ओरडले, ते चुकलं. टीव्ही बंदच राहील." "तू ऐकलं असतंस तर मी ओरडले नसते" ही माफी नव्हे, फिर्याद आहे. भरपाई म्हणून आइस्क्रीमही नको. आणि रागाच्या भरात दिलेली "महिनाभर मोबाइल बंद" ही शिक्षा तिसऱ्या दिवशी ढिली पडणारच, तर त्याच संध्याकाळी स्वतःहून कमी करा: "महिना जास्त झाला. उद्याचा दिवस बंद." उद्या मात्र बंद म्हणजे बंद. परिणाम लहान, त्याच दिवसाचा आणि त्याच गोष्टीशी जोडलेला असेल तर राखता येतो: टीव्ही १५ मिनिटं उशिरा सोडला, तर उद्या १५ मिनिटं कमी.

खडीसाखर

अजून कोणी लिहिलं नाही म्हणून: "नाही" ऐकायची तालीम घेता येते. भांडण नसताना, ५ मिनिटं, खेळ म्हणून. "मी खोटं खोटं 'नाही' म्हणणार, तू 'बरं' म्हणून निघून जायचं." जमलं की लगेच, नेमक्या शब्दांत कौतुक: "चेहरा वाकडा न करता गेलास, हे अवघड असतं." मग उलट करा, मूल आई होतं आणि तुम्ही हुज्जत घालता. मन लावून घाला, त्याचीच वाक्यं वापरा. सात-आठ वर्षांचं मूल हसून लोळतं, आणि आपलं बोलणं समोरून कसं लागतं तेही त्याला कळतं. आठवड्यातून तीनदा पुरे. खऱ्या प्रसंगात मूल पहिल्यांदा "बरं" म्हणून गेलं तर तेव्हाही तेच नेमकं कौतुक, आणि "रोज असं का नाही वागत?" हे शेपूट जोडायचं नाही.

निवांत_दुपार

आणि दुकानात, चार लोकांसमोर?

तासिका

आत शिरायच्या आधी, पायरीवर थांबून सांगायचं: "आज वही आणि डिंक. बाकी काही नाही." आत मागणी आली की "आज वही आणि डिंक" एवढंच, तेच शब्द. दुसऱ्यांदा आली की मुलाच्या हातात डिंकाची बाटली द्या आणि पैसे द्यायला त्याला पुढे करा. दुकानदार "घेऊन द्या हो, लहान आहे" म्हणेल. त्याला हसून मान हलवा, त्याच्याशीही वाद घालू नका.